छोट्या होडीतून समुद्रात मासेमारी: पहिली फेरी कशी करावी

पहिल्यांदा समुद्रात जाणाऱ्याच्या डोक्यात गळ कुठला आणि आमिष कुठलं हेच घोळत असतं. पण निघायचं की नाही हे वारा आणि भरती-ओहोटी ठरवतात. म्हणून सुरुवात तिथून करा.

दिवस निवडा

१० नॉटपर्यंतचा वारा, म्हणजे ताशी साधारण १८ किलोमीटर, नवख्याला झेपतो. अंदाज त्याहून जास्त सांगत असेल तर बेत पुढे ढकला. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा सगळ्यात फसवा. काठावर पाणी सपाट दिसतं, पण जरा आत गेलं की लाटा वाढत जातात आणि परतताना तोच वारा तोंडावर येतो. वारा आणि प्रवाह एकमेकांच्या विरुद्ध असतील तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. छोट्या होडीने त्या टाळलेल्याच बऱ्या.

भरती साधारण सहा तास चढते आणि ओहोटी तेवढाच वेळ उतरते. दोन्हींत, सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत पाण्याला ओढ सर्वांत जास्त. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं-उतरतं; अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार कमी. पहिली फेरी भांगाच्या दिवसांत ठेवा. पाणी मंद असेल तर शिसं (दोरी बुडवणारं वजन) तळाशी टिकतं आणि होडीही ऐकते.

निघण्यापूर्वी

लाइफ जॅकेट अंगात घाला. होडीत ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडलेल्याच्या कामाचं नाही. इंधनाचे तीन भाग धरा: एक जायला, एक यायला, एक राखीव. वल्ही, पाणी उपसायला डबा, पिण्याचं पाणी, जलरोधक पिशवीत फोन आणि जमल्यास हातात मावणारा व्हीएचएफ रेडिओ (होड्यांवरचा वायरलेस) घ्या. संकटाची हाक १६ नंबरच्या चॅनलवर द्यायची. कुठे जाणार आणि किती वाजता परतणार हे किनाऱ्यावरच्या एकाला सांगून ठेवा. तिथले परवान्याचे आणि माशांच्या किमान आकाराचे नियमही आधीच बघा. इंजिनाची किल कॉर्ड स्वतःला अडकवा, म्हणजे तुम्ही पडलात तर इंजिन आपोआप बंद होईल. एकट्याने जाऊ नका.

गळ टाकणं

सहा-सात फुटांचा रॉड, मध्यम रील आणि एकच गळ पुरे. दोरीच्या टोकाला शिसं, त्याच्या फूट-दीड फूट वर आखूड दोरीने बांधलेला गळ, इतकी साधी जोडणी करा. आमिष म्हणून कोळंबी किंवा माकूळची पट्टी चालते. मात्र गळाचं टोक उघडं राहू द्या. ते आमिषात बुडालं तर मासा खाऊन निघून जातो.

दोरी बोटाने अडवत हळूहळू सोडा. शिसं तळाला टेकलं की दोरी एकदम सैल पडते. हा क्षण ओळखता आला की निम्मं काम शिकलात. लगेच ताण घ्या आणि शिसं तळापासून जरासं उचला. मग दर मिनिटाला पुन्हा टेकवून बघा, कारण होडी वाहते तशी खोली बदलते. शिसं टेकल्याचं कळतच नसेल तर ते हलकं पडतंय, जड लावा. लहान मासा भराभर टोचे मारतो, मोठा बऱ्याचदा नुसतं जड ओढतो. टोचे लागले म्हणून झटका देऊ नका. वजन जाणवलं की रॉड सावकाश उचला. रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सुटू देणारा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतकाच ठेवा.

नांगर

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या फेरीत होडी वाहतीच ठेवा, पण नांगर तयार हवा. इंजिन बंद पडलं तर खडकांवर जाण्यापासून तोच वाचवतो. टाकायची वेळ आली तर नेहमी नाळेकडूनच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, टाका. मागून बांधला की होडीची मागची बाजू लाटांना तोंड देते, ताणाने खाली दबते आणि पाणी थेट आत येतं. होड्या अशाच बुडतात. दोरी खोलीच्या किमान पाचपट सोडा, नांगराला दोन-तीन मीटर साखळी असू द्या. दोरीत पाय अडकू देऊ नका. नांगर खडकात अडकून सुटतच नसेल तर हट्ट न करता दोरी कापा. यासाठी चाकू हाताशी हवा.

मासा वर आल्यावर

उभे राहू नका, दोघांनी एकाच बाजूला वाकू नका. हातजाळी पाण्यात धरा आणि मासा तिच्यावर आणा. ओळख नसलेल्या माशाला हात लावू नका. गळ पक्कडीने काढा. शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाच्या शेपटीचा काटा विषारी असतो. तो लागला तर होडी लगेच वळवा. सोसेल इतक्या, पण भाजणार नाही अशा गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, तो भाग अर्धा ते दीड तास बुडवल्याने वेदना कमी होतात. काटा छाती-पोटात रुतला असेल तर उपटू नका, डॉक्टरांकडे न्या.

ठेवायचे मासे लगेच बर्फात घाला, लहान असतील ते ओल्या हाताने धरून सोडून द्या. मळमळलं तर क्षितिजाकडे बघत राहा, खाली वाकून गाठी बांधत बसू नका. वारा चढतोय असं वाटलं तर मासे लागत असले तरी निघा.

किनाऱ्यावर आल्यावर रॉड, रील आणि इंजिन गोड्या पाण्याने धुवा. रीलवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, त्याने मीठ आत ढकललं जातं. वाळवून ड्रॅग सैल करून ठेवा.