लाकडी डेकचा खर्च काढताना या चुका टाळा

अंगणात किंवा फार्महाऊसला लागून १२ बाय १० फुटांचा, जमिनीपासून ३ फूट उंच डेक, म्हणजे बसण्या-फिरण्यासाठी उघडा लाकडी मंच, करायचा आहे. पहिला हिशोब बहुतेक असाच मांडला जातो: १२० चौरस फूट, एक इंच जाडी, म्हणजे १० घनफूट लाकूड, गुणिले वखारीचा दर. प्रत्यक्षात पायऱ्या आणि कठडा न धरताही २८ घनफूट लागतं.

तयार माप आणि कापलेलं माप

तयार फळी ४ × १ इंच हवी असेल तर रंधा मारण्याआधी ती सव्वाचार × सव्वा इंच असावी लागते. बिल या कापलेल्या मापाचं होतं. फळ्यांमध्ये ५ मिमी फट ठेवली तर १२ फुटी २९ फळ्या लागतात. सूत्र सोपं आहे: रुंदी इंच × जाडी इंच × लांबी फूट ÷ १४४. तयार मापाने ९.७ घनफूट येतात, कापलेल्या मापाने १२.८. दर विचारताना तो कापलेल्या लाकडाचा आहे की गोल ओंडक्याचा, हेही विचारा. ओंडक्याचा दर स्वस्त दिसतो, पण साल, कडेच्या फळ्या आणि भुसा त्यातूनच जातो.

खालचा सांगाडा

जुन्या वाड्यातला कडीपाट आठवा: तुळया, त्यांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या. डेकची रचना तीच. एक इंची फळीला कड्या १६ इंचांवर हव्यात. १२ फूट म्हणजे १४४ इंच; १४४ ÷ १६ = ९, म्हणून ९ कड्या लिहिल्या जातात. गाळे ९ असतात, कड्या १०. १० फुटी, २ × ४ इंची दहा कड्यांचे ५.६ घनफूट, कड्यांची टोकं जोडणाऱ्या दोन १२ फुटी पट्ट्यांचे १.३, ३ × ५ इंची तीन तुळयांचे ३.८ आणि ४ × ४ इंची बारा खांबांचे २.२. फळ्या धरून २५.७ झाले, तुकडे, गाठी आणि चिरांपोटी १० टक्के धरले की २८. सगळं सागात करायची गरज नाही. कोकणात सांगाड्याला ऐन, किंजळ चालतं. फक्त सालीलगतचा पांढरा भाग घेऊ नका, त्याला वाळवी आधी लागते.

१२ फुटी सलग फळी महाग म्हणून ६ फुटी तुकडे घेणार असाल तर सांधा ७२ इंचांवर येतो. कड्या आहेत ६४ आणि ८० इंचांवर. सांध्याखाली काहीच नाही! तिथे जोडीने दोन जादा कड्या टाका. एकाच २ इंची कडीवर दोन टोकं बसवली तर प्रत्येक टोकाला जेमतेम एक इंच मिळतो आणि स्क्रू घट्ट होताना फळी चिरते. दोन कड्यांचे १.१ घनफूट आत्ताच हिशोबात घ्या.

स्क्रू, खड्डे, तेल

२९ फळ्या × १० कड्या × २ म्हणजे ५८० स्क्रू, ६४० घ्या. अडीच इंची, स्टेनलेस स्टीलच्या ३०४ ग्रेडचे, समुद्राजवळ ३१६ ग्रेडचे. लोखंडी खिळ्याभोवती सागावर पहिल्याच पावसात काळे डाग उतरतात. कठीण लाकडात प्रत्येक स्क्रूला आधी भोक पाडावं लागतं. सुतार रोजावर असेल तर हा वेळ खर्चात धरा.

बारा खांबांना १ × १ फूट, दीड फूट खोल खड्डे आणि जमिनीवर सहा इंच ओटा धरला तर १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटला सुमारे ४ गोणी सिमेंट लागतं, पाच मागवा. काळी माती असेल तर हा आकडा सोडून द्या. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. भाव ठरवण्याआधी एक खड्डा खणून बघा. खांब मातीत पुरू नका; ओट्यावर गॅल्व्हनाइज्ड बूट, म्हणजे खांबाचं खालचं टोक धरणारा जस्त चढवलेला लोखंडी जोड, बसवा, त्याचे बारा नग लिहा.

लाकडाला लावायच्या तेलाचा हिशोब बहुतेक १२० चौरस फुटांवर होतो. फळीला मात्र चारही बाजूंनी लागतं: एका हाताला २९० चौरस फूट, दोन हातांना ५८०. खालची बाजू कोरडी ठेवली तर पावसात ती ओल पिते आणि फळीच्या कडा वाकतात. म्हणून तेल बसवण्याआधीच लावा.

आकडा हाताबाहेर गेला तर

कड्या २४ इंचांवर नेऊ नका. तीन कड्या, म्हणजे फक्त १.७ घनफूट वाचतं आणि एक इंची फळी पायाखाली लवते. त्यापेक्षा उंची कमी करा. ३ फुटांवर २८ फूट कठडा लागतो आणि ४ फूट रुंद पायऱ्यांनाच जवळपास ५ घनफूट लाकूड जातं. डेक दीड फुटावर आणला तर खांब जातात, तुळया थेट ८ इंची ओट्यांवर बसतात, पायऱ्या निम्म्या होतात. घरात लहान मूल किंवा वयस्क माणूस नसेल तर कठडाही टाळता येतो. जागेचा उतार मात्र आधी पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीने बघा: १० फुटांत सहा इंच उतार असला तरी एका टोकाचे ओटे १४ इंचांचे होतात.