पोट नगारा, अंग काडी: या चुका टाळा

शिमगा सरला की माझा फोन वाजायला लागतो. सड्यावरचं गवत करपलेलं, गुरं पेंढ्यावर आलेली, आणि पलीकडून ठरलेलं गाऱ्हाणं: "भाऊनू, बैल आंगच धरीत नाय. ती पावडर खंयची ता सांगा." पावडरीचं नाव मी सांगत नाही. गेल्या महिन्याभरात खाण्यात काय बदललं ते विचारतो. मग पलीकडे शांतता.

सिंधुदुर्गातल्या गोठ्यांतून २७ वर्षं फिरलो, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पेंढ्यातला तंतू तोडण्याची ताकद गाईच्या अंगात नाही. ते काम कोटीपोटातले, म्हणजे गाईच्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या पोटातले जिवाणू करतात. ते तंतू आंबवतात, त्यातून आम्लं सुटतात, आणि जनावराची ७० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा या आम्लांतूनच येते. अ‍ॅसिटिक आम्लापासून दुधातली आणि अंगावरची चरबी होते, प्रोपिओनिकपासून यकृत साखर बनवतं. वर हेच जिवाणू पुढच्या पोटात वाहून जातात आणि तिथे स्वतःच पचतात. मांस भरायला लागणारी निम्म्याहून जास्त प्रथिनं जनावराला अशी मिळतात. पूर्वी चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर कोकणातली घरं चालायची, तसंच हे. आणि आपण त्या चाकरमान्यांनाच उपाशी ठेवतो.

पहिली चूक, जी मी रोज बघतो: पोट बघून जनावर जोखणं. "पोट तर भरलेला दिसता मा?" हो, दिसतं. बरगड्याही दिसतात. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम ३ ते ४ टक्के. जिवाणूंना नीट काम करायला चाऱ्यात निदान ७ टक्के तरी लागतात. तेवढी नसली की ते वाढत नाहीत, पेंढा कोटीपोटात तसाच तुंबून राहतो, त्यामुळे जनावर नवा चाराही कमी खातं. पोट लोंबतं, पाठ बसते. अशा गाईला आणखी एक भारा पेंढा टाकणं म्हणजे गोदामात माल कोंबत राहायचं आणि हमाल मात्र नेमायचे नाहीत.

माझा उपाय साधा आहे. बांधावरच्या गिरीपुष्पाच्या झाडाचा पाला आदल्या सांजेला तोडून सुकत टाकायचा, कारण ताज्या पाल्याच्या वासाला गुरं तोंड फिरवतात. सकाळी पेंढ्यात मिसळून द्यायचं. जोडीला ओंजळ-दोन ओंजळी खोबऱ्याची पेंड. ज्याला धीर आहे त्याने पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करावी: १०० किलो पेंढा, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी, थराथराने शिंपडून दाबायचं आणि प्लॅस्टिकखाली २१ दिवस हवाबंद ठेवायचं. काढल्यावर वारा लागू द्या, वासरांना घालू नका. २१ म्हणजे २१. आठव्या दिवशी उघडून "काय फरक नाय" म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही. युरिया थेट पाण्यात विरघळवून पाजणाऱ्यांसाठी एवढंच: तासाभरात गुरू आडवं झालेलं मी पाहिलंय.

आता फणस. ही माझी दुखरी नस.

मृगाच्या तोंडावर एका तरुणाने, मुंबईची नोकरी सोडून नुकताच आलेला, बैलजोडी घेतली. नांगरणीला १५ दिवस उरलेले आणि याला बैल तेवढ्यात गुटगुटीत करायचे होते. घराभोवती बरके फणस पडून सडत होते. फुकट, गोड, आणि बैल मिटक्या मारत खातात. एका सांजेला त्याने पांढऱ्या बैलापुढे दोन पाट्या चारखंडं, म्हणजे गरे काढून उरलेल्या फणसाच्या साली, आणि वर तीन पिकलेले फणस फोडून टाकले. सकाळी मी पोचलो तेव्हा बैल बसलेला, कण्हत होता. डोळे आत गेलेले, रवंथ बंद. डावी कूस दाबली तर पाण्याने अर्धवट भरलेल्या पखालीसारखी डुचमळली. शेण करडं, पातळ, आणि वास ताडी चढलेल्या मडक्यासारखा.

झालं होतं असं. एवढी साखर एकदम आली की स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस नावाचा जिवाणू भराभर वाढतो आणि लॅक्टिक आम्ल सोडतो. ते आम्ल खाऊन संपवणारे दुसरे जिवाणू असतात, पण त्यांची संख्या इतक्या झटपट वाढत नाही. कोटीपोटाचा सामू (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) एरवी ६ ते ७ असतो, तो ५ च्या आसपास कोसळतो. तंतू तोडणारे जिवाणू ६ च्या खालीच काम टाकतात, पुढे मरतात. आंबलेलं पोट अंगातलं पाणी ओढून घेतं, म्हणून डोळे खोल जातात.

तालुक्याहून डॉक्टर आले. शिरेतून सलाईन, नळीने खाण्याचा सोडा दिला. बैल वाचला. पण चौथ्या दिवशीही पेंढ्याला तोंड लावीना. तेव्हा वाडीतल्या एका म्हाताऱ्याने जोडीदार बैलाच्या तोंडात हात घालून त्याच्या रवंथाचा गोळा काढला आणि याच्या घशात सारला. पोरगा हसला. डॉक्टर हसले नाहीत. तेही निरोगी जनावराच्या कोटीपोटातलं पाणी नळीने आजाऱ्याला देतात. हे म्हणजे पोटात नवीन वस्ती वसवणं. दोन दिवसांनी बैल रवंथ करू लागला. अंगावरचं मांस मात्र ओसरलं होतं, कारण चाकरमानी गेले की अंग आपलंच मांस मोडून साखर बनवतं. ते भरून यायला दिवाळी उजाडली. नांगरणी पॉवर टिलरने झाली, भाड्याने.

मी फणस घालतो, नाही असं नाही. आधी पोटभर पेंढा, मग एक घमेलं चारखंडं, तीही रोज नाही. लग्नाचा उरलेला भात, काजूचे बोंडू, सत्यनारायणाचा शिरा यांनाही हाच नियम.

बाकीच्या चुका थोडक्यात. पहिल्या पावसानंतर गुरं एकदम हिरव्यावर सोडू नका. जिवाणूंची वस्ती बदलायला दोन-तीन आठवडे लागतात. सकाळी पेंढा घालूनच मी दावं सोडतो. चमक यावी म्हणून पाव लिटर तेल रोज पाजू नका, जास्तीचं तेल तंतू तोडणाऱ्या जिवाणूंना मारक. पोटातून द्यायचं प्रतिजैविक डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. घाटावरच्या जर्सीचं खाद्यपत्रक मोबाइलवर बघून आपल्या बुटक्या कोकण कपिला गाईला लागू करणारे तर धन्य आहेत.

सुबाभूळ घालताना बेतानं. तिच्यातल्या मिमोसिन नावाच्या विषामुळे केस गळतात, जनावर खंगतं. ऑस्ट्रेलियात हेच व्हायचं, हवाईत नाही. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने हवाईतल्या शेळ्यांच्या कोटीपोटातलं पाणी ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिलं आणि त्रास थांबला. ते विष मोडणारा जिवाणू सापडला, त्याला नाव मिळालं सिनर्जिस्टीस जोन्सी. आपल्या गुरांत तो आहे की नाही ते अंदाजाने ठरवू नका. चाऱ्यात पाव हिश्श्यावर मी जात नाही.

आणि वासरू. दूध त्याच्या कोटीपोटाला वळसा घालून पुढे जातं, त्यामुळे नुसत्या दुधावरचं वासरू तीन महिन्यांचं झालं तरी आतून तान्हंच. दुसऱ्या आठवड्यापासून बोटावर भरड चाटवा, मऊ वाळलं गवत पुढ्यात टांगा, आणि त्याला आईपासून लांब बांधू नका. ती चाटते तेव्हा तिच्या तोंडातली वस्ती त्याच्या पोटात उतरत असते.