वाढदिवसासाठी घरच्या घरी पापलेटच्या आकाराचा केक

लहान मुलाच्या वाढदिवसाला आकाराचा केक करायचा म्हटले की बहुतेक घरांत गाडी किंवा बाहुली ठरते आणि ऐन वेळी कापाकापीत सगळे अडकतात. किनाऱ्यावरच्या घरात त्यापेक्षा पापलेट सोपे. ते मुळातच गोलसर आणि चपटे असते, त्यामुळे साध्या गोल केकला सुरीचे दोन काप दिले की मासा तयार होतो आणि वेगळा साचा विकत आणावा लागत नाही. (महाराष्ट्राने 2023 साली राज्यमासा म्हणून पापलेटचीच निवड केली, हेही मुलांना सांगता येते.)

केक आदल्या दिवशी भाजून, गार झाल्यावर झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा. ताज्या केकला सुरी लावली की भुगा पडतो. 20 सेंटिमीटर व्यासाच्या एका डब्यासाठी बिनमिठाचे बटर, साखर आणि मैदा प्रत्येकी 200 ग्रॅम, चार अंडी, दोन लहान चमचे बेकिंग पावडर आणि तीन मोठे चमचे नारळाचे घट्ट दूध लागते. बटर व साखर पांढरट आणि हलके होईपर्यंत फेटावे, अंडी एकेक करून घालावीत, मग चाळलेला मैदा व बेकिंग पावडर आणि शेवटी नारळाचे दूध हलक्या हाताने मिसळावे. ओव्हनमध्ये 170 अंश सेल्सिअसला सुमारे 45 मिनिटे पुरतात. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात मिठाचा थर देऊन, त्यावर स्टँड ठेवून, घट्ट झाकणाखाली मंद आचेवर तासभर भाजावे. मधोमध खुपसलेली सुरी कोरडी निघाली की केक झाला.

आता काप. डब्याचा तळ वर्तमानपत्रावर गिरवून आधी कागदी मासा कापून पाहावा, कारण कागद पुन्हा कापता येतो, केक येत नाही. थंड केकचा फुगलेला माथा दातेरी सुरीने सपाट करून केक पालथा घालावा. कडेवर शेपटीच्या जागी एक खूण करावी आणि तिथून दोन्ही बाजूंना तिरका, सुमारे 13 सेंटिमीटर लांबीचा सरळ काप द्यावा. कलिंगडाच्या पातळ फोडींसारखे दोन तुकडे सुटतात. त्यांची एकेक टोके त्याच खुणेपाशी टेकवून दुसरी टोके फाकवली की पापलेटची दुभंगलेली शेपटी होते. जोड आयसिंगनेच चिकटवावा. लहान मुलांच्या केकमध्ये टूथपिक कधीही ठेवू नये.

वर फाँडंट (साखरेचे पोळीसारखे लाटलेले आवरण) घालण्याच्या फंदात पडू नये, कारण फ्रीजमधून काढताच आपल्याकडच्या दमट हवेत त्याला पाणी सुटते. 150 ग्रॅम बटर आणि 300 ग्रॅम आयसिंग शुगर फेटून आयसिंग करावे, डोळा व कल्ल्यांसाठी थोडे पांढरेच बाजूला काढावे आणि उरलेल्यात काळ्या खाद्यरंगाचा जेमतेम एक ठिपका टाकला की रुपेरी छटा येते. पहिला हात अगदी पातळ द्यावा, म्हणजे भुगा त्यात अडकतो. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग दुसरा जाड थर लावावा. चहाच्या चमच्याचे टोक हलके दाबून शेपटीपासून डोक्याकडे खवल्यांच्या ओळी काढाव्यात. खऱ्या पापलेटचे खवले फार बारीक असतात, पण मुलांना ते दिसावे लागतात. डोळ्यासाठी पांढऱ्या आयसिंगच्या ठिपक्यावर अर्धी काळी मनुका पुरते.

कल्ले विसरू नयेत. हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावात आईचे बोट धरून उभे राहिलेले मूल कल्ले लाल आहेत का, हे हमखास विचारते, कारण ताजी मासळी तशीच पारखलेली त्याने पाहिलेली असते. थोड्या पांढऱ्या आयसिंगमध्ये कोकम सरबताच्या गोड पाकाचे काही थेंब घातले की गुलाबी रंग येतो. आणखी गडद हवा असल्यास बिटाचा रस घालावा. एकदा घाईत मी आगळाची, म्हणजे कोकमाच्या बिनसाखरेच्या घट्ट रसाची, बाटली उचलली. आगळात मीठ असते, आणि कल्ल्याकडचा तुकडा ज्या पाहुण्याच्या वाट्याला आला त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

औक्षण उरकेपर्यंत केक फ्रीजमध्येच राहू द्यावा, विशेषतः वाढदिवस मे महिन्यात असेल तर. वीज गेलीच, तर थर्माकोलच्या कोऱ्या पेटीत बर्फाच्या बांधलेल्या पिशव्यांमध्ये तो तासभर तग धरतो; मासळी आणायची पेटी मात्र कितीही धुतलेली असली तरी वापरू नये.