गोठा आणि दारं: नवरा-बायकोने कामं कशी वाटावीत

कामं वाटताना बायकांची कोणती, पुरुषांची कोणती हे बघू नका, वेळ बघा. शेतीची लाइट, म्हणजे पंपाची वीज, रात्रीची असली की आमचे हे उसात दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला जातात. त्या दिवसांत सकाळचा गोठा माझा. लाइट दिवसाची असली की शेणघाण काढणं त्यांच्याकडे.

धारा मात्र शक्यतो एकाच माणसाने काढाव्यात. हात बदलला की गाय पान्हा चोरते, म्हणजे दूध आखडून धरते. दोन धारांमध्ये साधारण 12 तास ठेवा, कास कोमट पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसा. कुट्टी, म्हणजे बारीक कापलेली वैरण, आदल्या संध्याकाळीच दुसऱ्याने करून ठेवायची. धार झाल्यावर सडांची तोंडं काही वेळ उघडी राहतात. तेव्हा ही कुट्टी समोर पडली की गाय अर्धा तास तरी उभी राहते, लगेच शेणामुतात बसत नाही, कासदाहाचा, म्हणजे कास सुजण्याच्या आजाराचा, धोका कमी होतो.

किटली डेअरीला कुणीही न्यावी, पण धारा काढणारी बाई असेल तर दुधाचं खातं तिच्याच नावावर हवं, यावर मी ठाम आहे. आणि दुसऱ्याचा हातही गायीच्या अंगवळणी पाडून ठेवा. आजारपण सांगून येत नाही.