प्रतीक नंतर, आधी झाड पाहू द्या

निसर्गचित्र शिकवताना मी एकदा चांगलाच फसलो. अमेरिकन चित्रकार टॉमस कोलचं ‘द ऑक्सबो’ (१८३६) पडद्यावर लावलं आणि डाव्या कोपऱ्यातल्या मोडक्या झाडाकडे बोट दाखवून सांगून मोकळा झालो, “हे रानटी निसर्गाचं प्रतीक.” पोरांनी वहीत उतरवलं. पुढच्या तासाला कॅनडाचा चित्रकार टॉम थॉमसन याचं ‘द जॅक पाइन’ दाखवलं, तर निम्म्या वर्गाचं उत्तर तेच: झाड म्हणजे रानटी निसर्ग. चूक माझीच. मी त्यांच्या हातात शब्दकोश दिला होता, चित्र नाही.

तेव्हापासून पहिली दहा मिनिटं ‘प्रतीक’ हा शब्द वर्गात बंद. नुसती यादी करायची: काय दिसतं, कुठे, केवढं? कोलच्या चित्राची यादी लांबते. मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होलियोकवरून दिसणारं कनेक्टिकट नदीचं वळण, उजवीकडे उन्हातली आखीव शेतं, डावीकडे ओसरत चाललेलं वादळ. मग मी चित्राचा उजवा अर्धा भाग झाकतो, थोड्या वेळाने डावा. काय बदललं, एवढंच विचारायचं. एक मुलगी म्हणाली होती, “सर, शेतं झाकली तर वादळ मोठं झालं.” तास खरा तिथून सुरू होतो. मोडकं झाड एकटं असताना गप्प असतं. नांगरलेली जमीन शेजारी आली की रान आणि वस्ती यांचा वाद सुरू होतो. कोल इंग्लंडच्या लँकशरमधून, गिरण्यांच्या मुलखातून अमेरिकेत आला होता, हे मी आत्ता सांगतो. आधी सांगितलं की पोरं चित्र सोडून चरित्रच वाचत बसतात.

चित्रकाराला शोधायला लावाच. पुढच्या खडकांत कोलने स्वतःला रंगवलंय, इवलासा, वळून आपल्याकडे बघणारा. जवळच मिटलेली छत्री आहे, नदीच्या दिशेने तिरकी. तो नक्की कुणाच्या बाजूचा? भांडू द्या त्यांना. दूरच्या डोंगरावरच्या झाडं तोडलेल्या पट्ट्यांत काही अभ्यासकांना हिब्रू अक्षरं दिसतात. ते शेवटी सांगा, आणि पटतं का ते विचारा. मला अर्धवटच पटतं.

थॉमसनच्या चित्राची (१९१६–१७) यादी दोन ओळींत संपते: पाइन, तळं, टेकड्या, आडव्या फटकाऱ्यांचं आभाळ. इथे प्रश्न उलटा विचारायचा, काय नाही? कॅनडाच्या अल्गॉन्क्विन उद्यानात लाकूडतोड जुनीच. थॉमसन १९१६ च्या उन्हाळ्यात तिथे वणव्यांवर नजर ठेवायच्या कामावर होता. ओंडके वाहून नेण्याची चित्रंही त्याने काढली आहेत. या चित्रात मात्र ओंडका नाही की माणूस नाही. ज्या अल्गॉन्क्विन लोकांचं नाव उद्यानाला आहे, तेही नाहीत. आणि नेमकं हेच चित्र पुढे कॅनडाची ओळख म्हणून मिरवलं. का बरं? इथे वर्ग थोडा वेळ शांत होतो. होऊ द्या, लगेच उत्तर पुरवू नका.

लेखी उत्तराला माझी एकच अट: “चित्रात अमुक ठिकाणी अमुक आहे, म्हणून मला असं वाटतं.” ‘म्हणून’च्या आधी काही नसेल तर गुण नाहीत. एकाने ‘जॅक पाइन’वर लिहिलं, “फांद्यांमधून तळं दिसतं, म्हणून मी अलीकडच्या काठावर उभा आहे, आणि माझ्याबरोबर कुणी नाही.” प्रतीक शब्दसुद्धा नव्हता त्यात. पूर्ण गुण दिले.