मैत्रीचा जादूई चित्रपट मुलींना कसा दाखवावा

दसऱ्याच्या सुट्टीत आमच्या गल्लीतल्या मुली दुपारभर ओसरीवर सागरगोटे खेळतात, संध्याकाळी हादगा खेळतात आणि या दोन्हींच्या मध्ये कधीतरी कोणीतरी कोणाशी तरी कट्टी करते. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात मराठी बोलणारे घर आणि कन्नड बोलणारे घर यांत पुष्कळदा एका भिंतीचेच अंतर असते, त्यामुळे एकीची मैत्रीण ही दुसरीची गेळती (कन्नडमध्ये मैत्रीण) असते आणि रुसवाही दोन भाषांत चालतो. अशा मुलींना एकत्र बसवून मैत्रीवरचा एखादा हलकाफुलका, जादूचा चित्रपट दाखवणे हा सुट्टीतला फार चांगला उपक्रम आहे. मात्र तो नीट आखावा लागतो. टीव्ही लावून देऊन आपण स्वयंपाकघरात निघून गेलो तर मुलींचा वेळ जातो, पण त्यातून त्यांच्या हाती फारसे काही लागत नाही.

सर्वप्रथम कोण कोण येणार आहे ते निश्चित करावे. सहा ते आठ मुली पुरेशा होतात. त्याहून अधिक झाल्या तर मागच्या मुली आपापसांत बोलू लागतात. वयाचे दोन गट मनात धरावेत, सहा ते नऊ आणि दहा ते तेरा, आणि दोन्ही गट एकत्र बसणार असतील तर चित्रपट नेहमी धाकट्यांच्या बेताने निवडावा. ऑनलाइन मंचांवर चित्रपटापूर्वी 'यू' (सर्वांसाठी), 'यू/ए ७+', 'यू/ए १३+' (त्या वयाखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावे) असे वर्गीकरण दिसते, आणि २०२४ च्या नियमांपासून चित्रपटगृहांसाठीच्या प्रमाणपत्रातही 'यूए'चे वयानुसार असेच भाग पडले आहेत. ही खूण अवश्य पाहावी, परंतु तेवढ्यावर विसंबून राहू नये, कारण कोणत्या मुलीला कशाची भीती वाटते हे त्या खुणेला ठाऊक नसते.

म्हणून दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे: निवडलेला चित्रपट आपण स्वतः आधी पूर्ण पाहावा. मी एकदा हे टाळले. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा 'स्पिरिटेड अवे' (२००१) हा अप्रतिम चित्रपट आहे असे सर्वांकडून ऐकले होते, तेवढ्या भरवशावर तो लावला आणि सुरुवातीलाच नायिकेच्या आईवडिलांची डुकरे होतात त्या प्रसंगाला सहा वर्षांची एक मुलगी रडत उठून थेट घरी गेली. चूक पूर्णपणे माझी होती. तो चित्रपट दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलींसाठी राखून ठेवायला हवा होता.

आधी पाहताना वही जवळ ठेवावी आणि तीन गोष्टी टिपाव्यात. भीतीचा प्रसंग कोणत्या मिनिटाला येतो, मैत्रिणींमध्ये किंवा बहिणींमध्ये बिनसते ते नेमके कशावरून, आणि पुन्हा जुळते तेव्हा पहिले पाऊल कोण उचलते. माझ्या मते चित्रपट निवडण्याची खरी कसोटी दुसऱ्या आणि तिसऱ्या नोंदीत आहे. जादू, पऱ्या, उडत्या झाडण्या यांची कमतरता कुठेच नसते. पण ज्या चित्रपटात जादूची कांडी फिरवून भांडण मिटते, तो मुलींच्या उपयोगाचा नाही. मुलीने स्वतः काहीतरी केल्यामुळे, धावत गेल्यामुळे, मागे फिरल्यामुळे किंवा चूक कबूल केल्यामुळे ते मिटले पाहिजे.

या कसोटीवर माझी पहिली पसंती मियाझाकी यांच्याच 'माय नेबर तोतोरो' (१९८८) या चित्रपटाला आहे. लांबी अवघी ८६ मिनिटे, खलनायक कोणीही नाही, आणि गोष्ट दोन बहिणींची: आई रुग्णालयात असताना वडिलांबरोबर खेड्यात राहायला आलेली सात्सुकी आणि तिची चार वर्षांची धाकटी बहीण मेई. त्यातला बसथांब्याचा प्रसंग आमच्या मुलींना अगदी घरचा वाटतो. मुसळधार पाऊस पडतो आहे, वडिलांसाठी जादाची छत्री घेऊन सात्सुकी थांब्यावर उभी आहे, पेंगुळलेली मेई तिच्या पाठीवर आहे, आणि शेजारी येऊन उभा राहतो तो डोक्यावर एक पान ठेवलेला भलामोठा तोतोरो, म्हणजे जंगलात राहणारा केसाळ जादूचा प्राणी. सात्सुकी वडिलांची छत्री त्याला देते. छत्रीवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज त्याला इतका आवडतो की तो जोरात उडी मारतो आणि झाडांवर साठलेले सारे पाणी एकदम खाली कोसळते. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस पाहिलेल्या मुलीला या प्रसंगासाठी भाषांतराची गरज पडत नाही. पुढे आईचे घरी येणे लांबते, सात्सुकी मेईवर ओरडते, आणि मेई मक्याचे कणीस घेऊन एकटीच आईकडे निघून जाते. शोधाशोधीत तळ्यात एक लहान चप्पल सापडते, तेव्हा धाकट्या मुलींचा श्वास अडकतो. त्याच्या थोडे आधी "ही चप्पल मेईची नाही हं" एवढे हळूच सांगून ठेवावे.

थोड्या मोठ्या मुलींसाठी 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' (१९८९) घ्यावा. तेरा वर्षांची शिकाऊ चेटकीण किकी घर सोडून परक्या शहरात जाते, झाडणीवर बसून लोकांचे सामान पोहोचवते, आणि एक दिवस तिची उडण्याची शक्तीच जाते, तिच्या मांजराचे बोलणेही तिला कळेनासे होते. तेव्हा तिला धीर देते ती जंगलात एकटी राहून चित्रे काढणारी मैत्रीण. पुढच्या इयत्तेसाठी दुसऱ्या गावी किंवा वसतिगृहात जाणार असलेल्या मुलीने हा चित्रपट जरूर पाहावा. 'फ्रोझन' (२०१३) बहुतेकींनी पाहिलेला असतो. तरी वर्षानुवर्षे बंद दाराबाहेरून हाका मारणारी धाकटी बहीण त्यात असल्यामुळे तो पुन्हा दाखवण्यासारखा नक्कीच आहे.

आता भाषेचा प्रश्न. मराठीत या प्रकारचे चित्रपट थोडे आहेत, आणि हिंदी आवाज उपलब्ध असला तरी सहा-सात वर्षांच्या मुलींना तो पूर्णपणे समजेलच असे नाही. त्यामुळे ध्वनी आणि उपशीर्षकांचे पर्याय आदल्या दिवशी तपासावेत आणि चित्रपट सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटांत गोष्टीची सुरुवात तोंडी सांगावी: कोण कोणाची बहीण, कोणते गाव, आई कुठे आहे. मी मराठीत सांगते आणि शेजारच्या अक्का तेच कन्नडमध्ये सांगतात. चित्रपट चालू असताना प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगत बसू नये. गोष्ट अडेल तिथे एक वाक्य पुरते. दोन्ही भाषा येणारी एखादी मोठी मुलगी लहानांच्या मधोमध बसवली तर हे काम ती आपल्यापेक्षा चांगले करते आणि तिला त्याचा अभिमानही वाटतो.

जागा आणि वेळ यांची तयारी साधी आहे. पावसाळ्यात कौलारू किंवा पत्र्याच्या घरात संवाद ऐकू येत नाहीत, म्हणून दसऱ्याची किंवा मे महिन्याची सुट्टी बरी. दुपारी तीनला सुरुवात केली तर मधली विश्रांती धरूनही दिवेलागणीपूर्वी सगळे आटोपते आणि हादगा चुकत नाही. वीज जाण्याची शक्यता धरून इन्व्हर्टर किंवा चार्ज केलेला लॅपटॉप तयार ठेवावा. पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या चोरट्या प्रती कटाक्षाने टाळाव्यात, कारण त्यांत मध्येच नको ती जाहिरात उमटते. खाऊ कोरडा असावा. भडंग किंवा भाजलेले शेंगदाणे कागदाच्या पुड्यांत द्यावेत आणि कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, शेवटी हात धुतल्यावर वाटावा.

बसवताना एक काळजी घ्यावी. ज्या दोघींची कट्टी चालू आहे त्यांना मुद्दाम शेजारी बसवू नये, पण एकाच रांगेत मात्र बसवावे. चित्रपटात भांडणाचा प्रसंग आला की त्यांच्याकडे पाहू नये. मुलींना असे पाहणे लगेच कळते आणि मग त्यांचे लक्ष चित्रपटावरून उडते.

चित्रपट संपल्यावर "यातून काय शिकलात?" असे विचारू नये, तो प्रश्न ऐकताच मुली शाळेत दिल्यासारखी उत्तरे देऊ लागतात. त्याऐवजी हादग्यात खिरापत ओळखायची असते तसा खेळ घ्यावा. एकीने एक प्रसंग मनात धरावा, बाकीच्यांनी प्रश्न विचारून तो ओळखावा: घरात घडला की बाहेर, पाऊस होता का, कोण रडत होते, कोण आधी बोलले. शेवटच्या प्रश्नापाशी आमच्याकडे हमखास वाद होतो, आणि त्या वादात मुली आपापल्या भांडणांबद्दल आपणहून बोलू लागतात. आपण तेव्हा गप्प बसून ऐकावे.

'तोतोरो' दाखवला असेल तर आणखी एक काम करता येते. छत्रीच्या बदल्यात तोतोरो पानात गुंडाळलेल्या बिया देतो आणि दोघी बहिणी त्या परसात पेरतात. आपणही पळसाच्या पानात चिमूटभर मेथीदाणे गुंडाळून, गवताच्या काडीने बांधून, दोघींमध्ये एक अशी पुडी द्यावी. जोड्या शक्यतो वेगवेगळ्या भाषेच्या घरांतल्या कराव्यात. कुंडी एकीच्या ओसरीवर ठेवायची आणि पाणी घालायला रोज दुसरीने यायचे, एवढाच नियम. मेथी चार-पाच दिवसांत उगवते, पण भाजीला येईपर्यंत तीन-चार आठवडे लागतात, आणि तोवर दुसरीला रोज त्या दारात जावेच लागते.