लाल-नारिंगी रंगांसाठी खड्ड्यातल्या भाजणीची तयारी

मातीची भांडी खड्ड्यात भुसा, गोवऱ्या आणि लाकडाच्या जाळात भाजली की काळा रंग आपोआप येतो. तांबूस, नारिंगी, गुलाबी रंगांची मात्र तजवीज करावी लागते, आणि ती काडी ओढण्याआधीच.

जागा आधी ठरवा. ठाण्यात सोसायटीच्या आवारात हा धूर नकोच. मुरबाड-बदलापूरकडे ओळखीतलं शेत बघा, मालकाला नीट विचारा, पाण्याची सोय आहे ना ते पाहा. पावसाची ओल जमिनीत बराच काळ टिकते, म्हणून भातकापणी उरकल्यावर, डिसेंबरच्या सुमारास जा. खड्डा गुडघाभर खोल पुरे. आदल्या दिवशी त्यात थोडा जाळ करून तो कोरडा करा, कारण ओलीच्या वाफेने भांडी तडकतात.

भांडी अर्धवट सुकलेली असतानाच गारगोटीने घोटून घ्या. भांड्याच्या खांद्यावरून अंगठा फिरवला की कुठेही खरखर लागता कामा नये. रंग या गुळगुळीत अंगावरच खुलतात. मग विजेच्या भट्टीत ९०० ते ९५० अंश सेल्सियसला एकदा भाजा. फार वर गेलात तर मातीतली छिद्रं मिटत जातात आणि रंग मुरत नाही.

आता खरी जमवाजमव. मोरचूद (कॉपर सल्फेट) गुलाबी ते मरून छटा देतो, हिराकस (फेरस सल्फेट) गंजासारखा तांबूस, खडेमीठ पिवळट-नारिंगी. मीठ ८०१ अंशांना वितळतं, म्हणून ते भांड्याच्या जवळ, जाळाच्या पोटात पडायला हवं. रंगासाठीच वाळलेल्या केळीच्या सालीही साठवा. तांब्याची बारीक तार भांड्याला गुंडाळली की तिच्या रेघा उमटतात. वायरमधून काढणार असाल तर प्लास्टिक पूर्ण सोलून टाका. मोरचूद मूठ-मूठ टाकायचा मोह आवरा, जास्त झाला की काळे-हिरवे डाग पडतात.

भुसा वखारीतून साध्या लाकडाचाच आणा. प्लायवूडच्या भुशात डिंक असतो, तो नको. गोवऱ्या कडकडीत वाळलेल्या हव्यात. तळाशी चार बोटं भुसा, त्यावर क्षार, मग भांडी, मध्ये फटी राखून गोवऱ्या, वर लाकूड. माझ्या मते सगळा खेळ या फटींचा आहे. हवा खेळली तर धुराची काजळी जळून जाते आणि खालचा तांबूसपणा दिसतो; भुसा दाबून भरला, किंवा घाईने वर पत्रा झाकला, की सगळं काळं.

हातमोजे, चष्मा आणि आम्लाची वाफ रोखणारे कार्ट्रिज असलेला मास्क पिशवीत आधी टाका. मीठ आणि हे क्षार एकत्र तापले की घशाला झोंबणारी वाफ निघते. कापडी मास्क तिथे कामाचा नाही. वाऱ्याने धूर जातो त्या बाजूला मुलांना उभं करू नका. राख पूर्ण थंड होईपर्यंत भांडी उचलायची नाहीत, म्हणून मुक्कामाच्या हिशेबानेच निघा. ही भांडी सच्छिद्र राहतात आणि त्यांत क्षार मुरलेले असतात. ती फक्त शोभेची, जेवणाखाण्यासाठी नाहीत, हे सोबत येणाऱ्या सगळ्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा.